इतरांच्या संघातला पूर्णेचा गडी

परभणी जिल्ह्यात तू का गेलीस, असं आमच्या साताऱ्याकडच्या प्रत्येक नातेवाइकानं मला विचारलं. विलायतेतून रजेवर आलेल्या पोरीनं घरी बसावं, चार ठिकाणी जेवायला जावं, फार तर महाबळेश्वरला एक चक्कर मारावी. ही उठली आणि एका म्हाताऱ्या गोऱ्याला घेऊन पूर्णा जंक्शनला गेली! आई तर माझ्याशी धड बोलेना. "तिकडं आहे तरी काय?" हेच तिचं पालुपद. तिकडं काय आहे ते मला तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आधी त्या गोऱ्याबद्दल. मी इंग्लंडच्या उत्तरेला, गिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या मुलखात, छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात नर्स आहे. एका सकाळी खाटेचं चाक अडकलं आणि मी वैतागून मराठीत पुटपुटले, "काय मेली कटकट आहे!" शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "कटकट कामून करून घ्यायलाव बाई? उजव्या अंगानं ढकला की." वळून बघते तर निळ्या डोळ्यांचा, रुंद खांद्यांचा, नाक मोडून बसलेला एक साहेब! अगं बाई, माझ्या हातातलं थर्मामीटर पडता पडता वाचलं.

हे ईव्हानकाका. बाप वेल्सचा, निजामाच्या रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. काका जन्मले पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत आणि मिसरूड फुटेपर्यंत तिथंच वाढले. मग बाप नोकरी संपवून मायदेशी गेला आणि पोराला खाणीत लावलं. मराठी कशी टिकली म्हणून विचारलं तर म्हणाले, "खाणीत अंधारात एकटाच असायलो ना बाई, बोलायला लागतंय कुनाशी तरी." त्या खाणीनंच त्यांच्या फुफ्फुसात कोळशाची धूळ भरून ठेवली होती. जिना चढायचा तर मध्ये दोनदा बसावं लागे.

पण तरुणपणी हा माणूस रग्बी खेळला होता. रग्बी दोन तऱ्हांची असते. काका खेळायचे त्या तऱ्हेत एका बाजूला तेरा गडी. लांबट चेंडू काखेत मारून पळायचं, समोरच्यांनी धरून पाडायचं, आणि पाडला की ताबडतोब सोडायचं. हे ताबडतोब सोडायचं तेवढं लक्षात ठेवा, सगळी गोम तिथंच आहे.

त्या खेळात एक विचित्र संघ होता. शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या संघाशी खेळायला कुणी देश मिळेना, म्हणून तिकडच्या क्लबांत जे जे इंग्लिश नव्हते ते गोळा केले आणि संघाला नाव दिलं, 'इतर देशांचे'. आरंभी त्यात वेल्सचेच पुष्कळ होते. पुढं वेल्सला स्वतःचा संघ मिळाला आणि ते इतर राहिले नाहीत; मग ऑस्ट्रेलियाचे, न्यूझीलंडचे, स्कॉटलंड-आयर्लंडचे असे जे उरले ते इतर. हा संघ मध्येच बंद पडायचा, मध्येच जिवंत व्हायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तर यांनी इंग्लंड, फ्रान्स, वेल्स सगळ्यांना मागं टाकून दोनदा अजिंक्यपद मिळवलं. मग पुन्हा बंद. देश नाही, झेंडा नाही, घरचं मैदान नाही. "जिथं जाऊ तिथं पाव्हणेच," काका म्हणायचे.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी, वीसेक वर्षांनी, तो संघ पुन्हा उभा राहिला. काका हट्टाला पेटले, म्हणून मी त्यांना चाकांच्या खुर्चीत घालून सामन्याला नेलं. पावसाची झिमझिम, चिखल, आणि माझी दातखीळ बसलेली. काका खुर्चीतून पुढं वाकून प्रत्येक पकड बघत होते. परत येताना म्हणाले, "सिस्टरबाई, तुमी रजेवर जायलाव न्हवं? मला पूर्णेला न्या. नाम्याला, माज्या दोस्ताला, एक इचारायचं हाय. आता दम हाय तवर इचारतो."

डॉक्टर म्हणाले, जाऊ द्या त्याला, इथं राहून तरी कुठं बरा होणार आहे. आणि मी, कप्पाळ माझं, हो म्हणून बसले.

पूर्णा

मनमाडला गाडी बदलली की डोंगर हळूहळू सरतात. मी साताऱ्याची, उठल्याबरोबर समोर डोंगर दिसला नाही तर मला भिंत पडल्यागत वाटतं. इथं काळी जमीन पार आभाळापर्यंत गेलेली, तिच्यात शाळू उभा आणि मध्येच कापूस वेचणाऱ्या बायका. काका खिडकीला नाक लावून बसले होते. पूर्णेच्या अलीकडे इंजिनाच्या धुराचा लोट डब्यात आला आणि मी घाबरून खिडकी ओढायला लागले, तर माझा हात धरला त्यांनी. "राहू द्या बाई. ह्यो घरचा वास हाय." खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ते सगळंच खोकल्याचं नव्हतं.

कॉलनी होती तशीच होती म्हणे. कौलारू घरं, कडुलिंब, इंजिनशेडचा भोंगा. शेडच्या मागं कोळशाच्या राखेनं काळी झालेली एक मोकळी जागा. काका तिथं दगडावर बसले आणि श्वास गोळा करून त्यांनी मला सगळं सांगितलं. एरवी वॉर्डात तुकड्या-तुकड्यानं ऐकलेलं त्या राखेवर जुळलं.

गावातली पोरं हुतूतू खेळायची. नामा हा रेल्वेच्या गँगमनचा मुलगा, महारवाड्यातला. हुतूतूत अंगाला अंग लागणारच. मग त्याला घेणार कोण? काका गोरे, त्यांच्या घरी काय काय शिजतं याच्या कथा गावभर, म्हणून त्यांनाही नाही. एक तेलंगी पोर्टरचा मुलगा, एक टांगेवाल्याचा करीम. असे जे उरले त्यांनी या राखेत आपला वेगळा डाव मांडला.

"म्हणजे काका," मी म्हटलं, "तुम्ही इथंही इतरच!"

"इथं पयले," काका म्हणाले. "तिथं मंग."

नाम्याची पकड घोट्याची. गडी कितीही दांडगा असो, खाली झेप टाकून घोटा धरायचा आणि त्याचा दम सुटेपर्यंत सोडायचा नाही. तोंडानं हुतूतू चाललंय तोवर तो जिवंत आहे, हात ढिला केला की निसटला. कान त्याच्या श्वासाकडं ठेवायचा. ही विद्या नाम्यानं इवान्याला, म्हणजे काकांना, दिली. पुढं वेल्समध्ये आणि मग उत्तरेच्या क्लबात हाच माणूस घोट्याच्या पकडीसाठी नावाजला गेला आणि ती त्याला कुठं मिळाली हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

वेल्सच्या संघात येण्याचं त्यांचं जन्मगावावर अडलं. म्हणून लढाईनंतर त्या इतरांच्या संघातून एकदा बोलावणं आलं. कपडे बदलायच्या खोलीत एक ऑस्ट्रेलियन आईच्या हातच्या केकची आठवण काढत होता, एक स्कॉट मुकाट बुटांच्या नाड्या बांधत होता. मैदानात उतरण्याआधी कप्तान म्हणाला, आपल्याला देश नाही, तर प्रत्येकानं आपल्या गावाचं नाव सांगा आणि सगळ्यांनी ते ओरडा. गावं ओरडत ओरडत काकांची पाळी आली. "आन सिस्टरबाई, ते सगळे दांडगे गडी एका दमात वरडले, पूर्णा!" सांगताना काका त्या राखेत उभे राहिले आणि स्वतःच ओरडले. शेडमधला एक फिटर बाहेर येऊन बघून गेला.

सामना बरोबरीत चालला होता. शेवटी शेवटी इंग्लंडचा एक गडी चेंडू घेऊन सुटला, काकांनी झेप घेतली आणि त्याचा घोटा धरला. गडी पडला. सोडायचं. काकांनी सोडलं नाही. "माजा कान त्याच्या दमाकडं हुता बाई. त्याचा दम चालूच हुता. मी कसा सोडू?" पंचाची शिट्टी वाजली, दंड पडला, समोरच्यांनी चेंडू खांबांमधून मारला आणि तेवढ्यानं सामना गेला. पुन्हा बोलावणं आलं नाही. खोलीत कुणी रागावलं नाही. पण जाताना पूर्णा म्हणून कुणी ओरडलंही नाही.

"मला नाम्याला एवढंच इचारायचं हाय," ते म्हणाले, "सोडायला पायजे हुतं का?"

मला हसू आलं. एवढ्यासाठी समुद्र ओलांडून आला हा माणूस! पण मीही परमुलखात राहते. तिथं रोज कुणी ना कुणी माझ्या एखाद्या घरच्या सवयीकडं बघून शिट्टी वाजवतंच. नाम्या कुठं भेटेल ते विचारायला मी काकांना स्टेशनाकडं नेलं.

स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं सांगितलं, नामदेवराव गँगमन रिटायर होऊन गेले, लेकीकडं देवगाव फाट्याला असतात. वर म्हणाला, "हे साहेब आमच्यापरीस चांगलं बोलायलेत की!" आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

देवगाव फाटा

फाटा म्हणजे फाटाच. रस्ते येऊन मिळतात, दोन हॉटेलं, पंक्चरचं दुकान आणि दुष्काळात लोकांनी फोडलेल्या खडीचे ढीग अजून कडेला. यष्टीनं आम्हाला उतरवलं आणि माझी पिशवी टपावर घेऊन तशीच निघून गेली. मी धावले, ओरडले, साताऱ्याच्या ठेवणीतल्या दोन-चार शिव्याही दिल्या. काही उपयोग नाही. पुढचे सगळे दिवस मी नामदेवरावांच्या लेकीच्या लुगड्यात काढले, ते आधीच सांगून टाकते.

लेकीचं नाव कमल. घरात बुद्धाची तसबीर, शेणानं सारवलेली जमीन, चुलीवर भाकरी. तिनं जयभीम केला, पाणी दिलं आणि काकांकडं टक लावून बघत राहिली.

"तुमीच का इवान्या?" ती एकदम म्हणाली आणि जीभ चावली. "मंजे, इवानकाका?"

"तुला कसं ठावं, माय?"

"आवं, आमच्यात लेकरू पदर सोडंना झालं की बाबा म्हंतेत, इवान्यावानी धरू नको रं! आमाला वाटायचं, गोष्टीतला कुनी असंल."

काकांनी तोंड दुसरीकडं केलं. मग बराच वेळ ते कमलच्या धाकट्या लेकराशी पदराची ओढाओढ खेळत बसले.

जेवायला भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेल आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडं खर्डा असतो, त्याला मी आजवर तिखट समजत होते. या ठेच्यानं माझा सगळा अभिमान उतरवला. कमल हसून म्हणाली, "ताई, दही घ्या, न्हाई तर आज झोप लागायची न्हाई." काका मात्र निवांत खात होते आणि बोटं चाटत होते.

नामदेवराव फाट्यावर नव्हते. दोन्ही डोळे गेल्यापासून ते सोनपेठला, मास्तर असलेल्या मुलाकडं राहत होते. डोळे गेले हे ऐकल्यावर काकांचा घास हातातच राहिला. "मंजे मला बघनार न्हाई त्यो," ते म्हणाले. मी त्यांना समजावू लागले, तर म्हणाले, "बरं झालं एका अर्थी. त्याच्या मनात मी अजून पोरगाच आसंन."

सोनपेठ

सेलू, पाथरी आणि मग सोनपेठ. बाजाराचा दिवस होता. गाड्याच गाड्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज, गुळाच्या ढेपी, वांग्यांचे ढीग. त्या गर्दीतून काकांना चालवत नेताना माझा जीव मुठीत होता. पावलापावलाला थांबत होतो. मास्तरांच्या अंगणात पोचलो तेव्हा काकांच्या छातीत शिट्ट्या वाजत होत्या आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

अंगणात बाजेवर एक काटकुळा म्हातारा पटका बांधून बसला होता. त्यानं मान तिरकी केली.

"कोन हाय? लय दमलेला मानूस दिसतो."

काका बोलायचा प्रयत्न करत होते. जमेना. मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी मला हातानं गप्प केलं, एक पाऊल पुढं टाकलं आणि बूट-मोजा काढून उघडा पाय बाजेच्या कडेवर ठेवला. म्हातारा दचकला. मग त्यानं हात पुढं केला, पाय चाचपला, घोट्याभोवती बोटं आवळली. 

"इवान्या हाय का रं?"

काकांनी नुसती मान हलवली. आंधळ्याला मान कशी दिसणार! म्हणून मीच म्हणाले, "हो, तेच आहेत." पुढचं मला लिहिता येत नाही. दोन म्हातारे लहान पोरांसारखे रडले आणि मास्तरांची बायको नि मी चुलीपाशी जाऊन उगाच भांडी हलवत बसलो.

आम्ही तिथं मुक्कामच ठोकला. संध्याकाळी मास्तर आम्हाला गोदावरीच्या अंगाला एका शेतात हुरड्याला घेऊन गेले. आगटीत कणसं भाजायची, गरम गरम चोळायची, दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. आमच्याकडंही हुरडा असतो, पण एवढी मोकळी जमीन आणि एवढं मोठं आभाळ नसतं. तिथं काकांनी अखेर आपला प्रश्न काढला. सामना सांगितला, इतरांचा संघ सांगितला, पूर्णा म्हणून ओरडले ते सांगितलं. नामदेवरावांनी ते तीनदा सांगायला लावलं. "सारे वरडले? पूर्णा म्हनून? इंग्रजाच्या देशात?" मग घोट्याचं सांगितलं.

"त्याचा दम सुटला हुता का?" नामदेवरावांनी विचारलं.

"त्या खेळात दम नसतोय, नाम्या."

"दमच न्हाई? मंग धरलेला गडी सोडायचा कवा?"

"शिट्टी वाजली की."

नामदेवरावांनी दाण्यांची मूठ तोंडात टाकली. "दुसऱ्याच्या शिट्टीवर सोडायचं," ते म्हणाले. "इवान्या, ज्यांना कुनी शिवत नव्हतं ना, त्येंला कुनी धरलं तर त्येचं मोल कळतंय. गावात मला एकानं बी हात लावला न्हाई. तू धरायचास. दम सुटला तरी सोडायचा न्हाईस, मीच लाथ मारून सोडवून घ्यायचो. तू काय चुकला न्हाईस. त्येंलाच धरून घ्यायची सवय न्हाई."

काकांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं की माणसाचे खांदे कसे खाली येतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

निघायच्या दिवशी सगळं घर स्टँडवर आलं. दोघंही जाणून होते की ही भेट शेवटची, आणि दोघंही पेरूंच्या भावाबद्दल बोलत होते. यष्टी लागली. मी काकांना दारातून वर चढवत होते. एक पाय पायरीवर, एक अजून जमिनीवर. कंडक्टरनं शिट्टी वाजवली. आणि नामदेवराव, मास्तरांचा हात सोडून, चाचपडत खाली बसले आणि त्यांनी काकांचा घोटा धरला.

"आरं बाबा, गाडी सुटायली!" मास्तर ओरडले.

"शिट्टीवर सोडनार न्हाई," नामदेवराव म्हणाले. "इवान्या, दम घे."

मी नर्स. त्या छातीत किती हवा मावते हे मला जगात सगळ्यांत चांगलं ठाऊक. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकांनी दांडा धरला, श्वास ओढला आणि सुरू केलं, "हुतूतूतूतू…" आधी पुटपुटल्यासारखं, मग जरा मोठ्यानं. गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती. वॉर्डात ज्यांना साधी काडी फुंकरीनं विझवता येत नव्हती, ते ओढत राहिले, ओढत राहिले. चेहरा लाल झाला, आवाज चिरकला, बारीक झाला आणि सुटला.

"सुटला रं नाम्या," काका धापा टाकत म्हणाले. "सोड आता."

"न्हाई. नवा दम घेतलास की सोडतो. त्याच्याआधी न्हाई."

काकांनी कसाबसा पुन्हा श्वास घेतला. नामदेवरावांनी कान देऊन तो ऐकला, मग घोट्यावर दोनदा थापटलं आणि हात काढून घेतला. कंडक्टरनं शिट्टी खिशात घातली होती. गाडी वळेपर्यंत ते तिथंच मातीत बसलेले दिसत होते, हात तसाच पुढं धरलेला.

आम्ही परत आलो. मी ड्युटीवर, काका आपल्या खाटेवर. वसंत तिकडं उशिरा येतो. झाडांना नुकते कोंब दिसायला लागले होते, अशा एका सकाळी काकांचा श्वास अंतर देऊन यायला लागला. खाटेभोवती पडदे ओढले. डॉक्टर आले, गेले. मी पायथ्याशी बसले, चादरीखाली हात घातला आणि त्यांचा घोटा धरला. काकांनी डोळे उघडले नाहीत, पण ओठ जरासे हसले असं मला वाटलं.

मग श्वास सुटला. मुख्य सिस्टर आत आल्या, त्यांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, आता सोड. मी नाही म्हणून मान हलवली आणि घोटा धरूनच बसले. नवा दम घेतील, मग सोडीन.